तीन पावलांचं अंतर

घोटावड्यात कुस्तीचा विषय काढा, बोलायला चार माणसं सहज जमतात. हर्डल्सचा, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीचा, काढला तर सबंध मुळशी तालुक्यात कुणी दाद देत नाही. पुण्याचं बालेवाडी इथून काही फार लांब नाही. तिथलं क्रीडासंकुल 1994च्या राष्ट्रीय खेळांसाठी उभं राहिलं, 2013 साली आशियाई ॲथलेटिक्स तिथंच झालं. तरी ही शर्यत आपल्याकडे पाहुणीच राहिली.

बघणाऱ्याला ती उड्यांची शर्यत वाटते. पण उडी मारणारा हर्डलर हरतो, कारण हवेत गेलेला वेळ फुकटचा. 110 मीटरमध्ये दहा अडथळे, प्रत्येक 106.7 सेंटिमीटर उंच आणि दोहोंच्या मधे 9.14 मीटर. एवढ्या जागेत पावलं तीनच. ओघात अडथळा आडवा झाला तरी पंच काही म्हणत नाहीत. पाऊल चुकलं की मात्र शर्यत गेली.

म्हणून हर्डलरचं थांबणं मला वेगळं वाटतं. सपाट शंभर मीटर धावणारा वयाबरोबर मंदावतो, एवढंच. हर्डलरचं पाऊल वीतभर आखडलं की तिनाची चार होतात आणि आयुष्यभर पुढे टाकलेला पाय ऐन अडथळ्यापाशी मागे राहतो. वय झाल्याचं त्याला आरशाआधी ट्रॅकवर कळत असणार.

मुंबईच्या सिद्धांत थिंगलायाने 2017 साली 13.48 सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला आणि लंडनची जागतिक स्पर्धा गाठली. आदल्या वर्षीच्या रिओ ऑलिंपिकसाठी पात्रतेची वेळ होती 13.47, म्हणजे वर्षभराने केलेला विक्रमही तिला शतांशाने कमी पडला. पी. टी. उषाचा 1984चा शतांश सेकंद देशाला पाठ आहे. लॉस एंजेलिसच्या अंतिम फेरीत 400 मीटर हर्डल्सचं कांस्य तेवढ्यानं गेलं. सिद्धांतचा शतांश कुणाच्या गावी नाही. पदक हुकलं तर हळहळ तरी वाट्याला येते, पात्रता हुकलेल्याला तीही मिळत नाही.

त्याचा विक्रम मे 2024 मध्ये मराठवाड्याच्या तेजस शिरसेने फिनलंडमध्ये मोडला: 13.41. पण तोवर पॅरिसची पात्रता 13.27 झाली होती. आपला विक्रम सात शतांशांनी पुढे गेला, तिकडे ऑलिंपिकचा उंबरठा वीस शतांशांनी. लाकडी पट्टीची उंची मात्र तीच. महाराष्ट्राच्या एका पोराने दुसऱ्याचा विक्रम मोडला, याचं कौतुक दोन दिवस तरी व्हायला हवं होतं.

थांबलेल्यांसाठी मास्टर्स स्पर्धा असतात. पस्तिशीनंतर पुरुषांचा अडथळा 99.1 सेंटिमीटरवर येतो. पन्नाशीनंतर 91.4, शर्यत शंभर मीटरची आणि मधलं अंतर साडेआठ मीटर. साठीनंतर तेही आठ होतं. अडथळा खाली आणायचं कुणालाही सुचलं असतं. मधलं अंतरही कमी करावं, म्हणजे म्हाताऱ्याची तीन पावलं तीनच राहतील, हे ज्याला सुचलं तो स्वतः कधीतरी हर्डल्स धावलेला असणार.