आबांच्या हत्यारांचं कपाट

ती. दादास,


तू पाठवलेल्या माळ्यावरच्या सागाच्या फळ्या रंधा मारून झाल्या आणि काल रात्री कपाटाचा चौथा कोपराही बसला. ‘स्क्रू मारले असतेस तर दोन तासांचं काम होतं, डव्हटेलचा हट्ट कशाला?’ असं तू फोनवर विचारलंस, तेव्हा मला नीट सांगता आलं नाही. म्हणून हे पत्र.

फळीच्या टोकात मारलेला स्क्रू लाकडाच्या धाग्यांना समांतर घुसतो. तिथे त्याला धड पकड मिळत नाही. डव्हटेलमध्ये एका फळीच्या टोकाला कबुतराच्या शेपटीसारखे पसरट दाते असतात आणि दुसरीच्या टोकाला त्यांच्या फटींत बसणाऱ्या खुंट्या. शेपट्या त्यांच्या फळीच्या लांबीच्या दिशेने कितीही ओढल्या तरी सुटत नाहीत. म्हणून शेपट्या उभ्या फळ्यांना ठेवल्या. हत्यारांचं सगळं ओझं तळाच्या फळीला खाली ओढणार, आणि तिला तेच दाते धरून ठेवणार. पावसाळ्याचंही तसंच. लाकूड रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाहीच. कोपऱ्यावरच्या दोन्ही फळ्यांचे धागे एकाच वळणाने जात असल्यामुळे त्या बरोबर फुगतात, बरोबर आकसतात. सांध्यावर ताण येत नाही.

साग टणक, म्हणून शेपटीचा उतार आठाला एक ठेवला. मऊ लाकडाला सहाला एक ठेवतात. पण मला सांगायचंय ते पुढचं. शेपट्या कापून झाल्या की मोजपट्टी बाजूला ठेवायची. दुसरी फळी उभी पकडून तिच्या टोकावर ती फळी आडवी धरायची आणि टोकदार चाकूने शेपट्यांच्या कडेकडेने रेघ ओढायची. माझी एक शेपटी मिलिमीटरभर जाड झाली होती, एक जराशी तिरकी. काही बिघडलं नाही, कारण खुंट्या त्यांच्यावरूनच आखल्या गेल्या. आता त्या खुंट्या दुसऱ्या कुठल्याच शेपट्यांच्या फटींत बसणार नाहीत. म्हणून आधीच चारही कोपऱ्यांवर पेन्सिलीने 1 ते 4 आकडे घालून ठेवले होते.

करवत रेघेच्या बाहेर, काढून टाकायच्या बाजूला चालवायची आणि रेघ शिल्लक ठेवायची. तिसऱ्या कोपऱ्याला माझी करवत रेघेच्या आत गेली. फट राहिली. त्याच फळीच्या उरलेल्या तुकड्याची पातळ चीप काढून गोंद लावून तिथे बसवली आहे. तू आलास की दाखवीन. झाकलेली नाही.

मधलं लाकूड पटाशीने काढताना अर्धं एका बाजूने आणि अर्धं दुसऱ्या बाजूने काढायचं, नाहीतर मागची कड फुटते. सागात वाळूसारखे बारीक सिलिकाचे कण असतात. ते धार खातात. दर चार-पाच दात्यांनी आबांच्या दगडावर पटाशी पाजवावी लागली. दादा, ती पटाशी किती आखूड झालीय, पाहिलीस का कधी? जे कमी झालंय, ते आबांनी इतक्या वर्षांत दगडावर उतरवलेलं पोलाद आहे. ती हातात असताना मला दोन तासांत उरकायचं नव्हतं.

आता कपाटाच्या आतलं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या हेन्री स्टडली नावाच्या पियानो कारागिराने आपल्या हत्यारांसाठी भिंतीवरचं कपाट केलं होतं. त्यात जवळजवळ 300 हत्यारं मावतात, कारण प्रत्येकाची जागा त्याच्याच आकाराला बेतलेली आहे. मला तेवढं जमणार नाही, पण आबांच्या हत्यारांना तशाच जागा करायच्या आहेत. गुण्या, मोगरी, तीन पटाश्या यांच्या झाल्या.

मोठा रंधा तुझ्याकडे आहे. त्याची मापं कळवू नकोस, रंधाच पाठव. फळीवर ठेवून त्याच्याच कडेने रेघ ओढीन.

वहिनींना नमस्कार.

तुझी,
माई