पाणी आले, मग बाग झाली

इटलीतली बाग म्हटली की कारंजी, संगमरवरी पुतळे आणि सरदार-दरकदारांचा थाट डोळ्यांपुढे येतो. पण वाचकहो, आज तुम्हांला ज्या बागेत न्यायचे आहे, तिची कहाणी बांधबंदिस्तीपासून सुरू होते. टस्कनी प्रांतात सिएना शहराच्या दक्षिणेला ऑर्चा नदीचे खोरे आहे. त्या खोऱ्याच्या वरच्या अंगाला ला फोचे नावाचा व्हिला, म्हणजे शेतावरचा मोठा वाडा, उभा आहे.

इमारत पंधराव्या शतकाच्या अखेरची. सिएनातल्या एका जुन्या धर्मादाय इस्पितळाने ती वाटसरूंसाठी आणि रोमच्या यात्रेकरूंसाठी बांधली. धर्मशाळाच म्हणा ना! १९२४ साली लग्न झाल्यावर आंतोनियो ओरिगो आणि त्यांच्या पत्नी आयरिस इथे राहायला आले. आयरिसबाई श्रीमंत घरच्या, लिहिण्यावाचण्यात रमणाऱ्या. शेतीचा गंध दोघांनाही नव्हता.

जमीन साडेतीन हजार एकरांच्या आसपास, पण अवस्था काय? झाडोरा गेलेल्या, चिकणमातीच्या बोडक्या टेकड्या. पाऊस झाला की माती वाहून घळी पडायच्या, उन्हाळ्यात जमीन दगडासारखी व्हायची. कुळे निम्म्या वाट्याने कसत. आपल्याकडच्या अर्धेलीसारखीच ही रीत. घर आणि जमीन मालकाची, राबणे कुळाच्या सगळ्या घराचे, आणि गहू, द्राक्षे, जैतुनाचे तेल निम्मे-निम्मे. पडीक जमिनीच्या निम्म्या वाट्यात कुळाचे पोट कसे भरणार, हे तुम्हांला सांगायला नको.

आंतोनियोंनी घळींना बांध घातले, चर खणले, झाडे लावली, रस्ते काढले. त्या वेळच्या सरकारचे साहाय्यही मिळाले. शाळा आणि दवाखाना झाला. पुढे कुळांची शेते वाढून सत्तावन्न झाली.

आणि बाग? बागेला पाणीच नव्हते! वाड्यातसुद्धा पाण्याची ओढाताण. मग आयरिसबाईंच्या अमेरिकेतल्या आजीने नळ टाकायला पैसे दिले आणि नऊ-दहा किलोमीटरांवरच्या रानातल्या झऱ्याचे पाणी वाड्यात आले. त्यानंतरच सेसिल पिन्सेंट या इंग्रज वास्तुकाराने बागेची आखणी केली. १९२७ ते १९३९ अशी बारा वर्षे ती टप्प्याटप्प्याने वाढत गेली. आपल्या मेंदीच्या कुंपणासारखी कातरलेली बॉक्स झुडपांची चौकोनी ताटवे, दगडी कारंजे, मोठ्या कुंड्यांतली लिंबाची झाडे, मांडवावर जांभळा विस्टेरियाचा वेल. थंडीत लिंबाच्या कुंड्या उचलून घरात ठेवाव्या लागतात, नाही तर हिवाने झाड जाते. बाग उताराला धरून खाली उतरते, आणि खालच्या टोकाला उभे राहिले की सगळे खोरे आणि पलीकडचा आमियाता डोंगर समोर येतो.

सुखच सुख होते असे मात्र समजू नका. या जोडप्याचा एकुलता मुलगा जानी १९३३ साली सात वर्षांचा असताना गेला. पुढे दोन मुली झाल्या. मग महायुद्ध आले. बाँबहल्ल्यांत घरे गेलेली शहरांतली मुले ओरिगो दांपत्याने इथे सांभाळली. जून १९४४ मध्ये लढाई दाराशी आली आणि जर्मनांनी वाडा सोडायला लावला. लहानमोठी साठेक माणसे, कडेवर तान्ही पोरे, अशी सगळी सुरुंग पेरलेल्या रस्त्याने मोंतेपुल्चानो गावापर्यंत चालत गेली. परतल्यावर वाडा लुटलेला सापडला. आयरिसबाईंची त्या दिवसांची रोजनिशी १९४७ साली छापली गेली. आजही लोक ती आवडीने वाचतात.

युद्धानंतर अर्धेली मोडली. तरुण पोरे गिरण्या-कारखान्यांकडे गेली, किती तरी शेतघरे ओस पडली. एवढा पैसा आणि कष्ट ओतूनही माणसे मातीला धरून राहिली नाहीत. याचा दोष कुळांना कसा द्यावा? त्यांची गरज फक्त पिकाची नव्हती, स्वतःच्या मालकीची होती.

२००४ साली युनेस्कोने ऑर्चा खोऱ्याला जागतिक वारशाचा मान दिला. बाग ठराविक दिवशी पाहायला मिळते. समोरच्या टेकडीवर नागमोडी चढत जाणारा, दोन्ही अंगांना सायप्रसची झाडे असलेला रस्ता दिसतो. कॅलेंडरांवर त्याचे चित्र कधी तरी तुम्ही पाहिलेही असेल. लोकांना तो शेकडो वर्षांचा वाटतो. खरे तर तो ओरिगोंच्याच काळात, वरच्या शेताकडे जाण्यासाठी काढलेला आहे.