खणणे, खोदणे, उकरणे

परवा ऑफिसात माझा चांगलाच पोपट झाला. एका बगच्या रिपोर्टमध्ये मी झोकात लिहिलं होतं की आम्ही मूळ कारणांत 'डेल्व्ह' केलं. वाक्य अर्थातच माझं नव्हतं, चॅटजीपीटीचं होतं. लीडने एवढंच विचारलं, "लॉग्ज किती दिवसांचे बघितलेस?" एकाच दिवसाचे. आणि त्याच रात्री तोच बग पुन्हा हजर!

शनिवारी सांगलीला घरी गेलो आणि चिडून शब्दकोश उघडला. हा 'डेल्व्ह' मूळचा शेतातला गडी निघाला. जुन्या इंग्रजीत 'डेल्फन' म्हणजे चक्क जमीन खणणं. पुढे हातातली कुदळ सुटली आणि कागदपत्रांत, आठवणींत खोल शिरणं एवढाच अर्थ उरला. २०२२ च्या शेवटी चॅटजीपीटी आलं आणि पुढच्या दोन वर्षांत संशोधनाच्या पेपरांतसुद्धा या शब्दाचं पेव फुटलं.

आता 'पेव फुटणे' आपण सहज म्हणतो, पण खरी पेवं आमच्या सांगलीला लागूनच, हरिपूरला. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ जमिनीत खणलेली. तोंड अरुंद, पोट मोठं. त्यात हळद वर्षानुवर्षं टिकायची, कीड लागायची नाही. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, कोंडलेली हवा जीव घेते. आधी तोंड उघडं ठेवून वाट बघायची. २००५ च्या महापुरात कितीतरी पेवांत पाणी शिरलं, हळद गेली. असो.

बाबांना विचारलं, "खणणे आणि खोदणे, फरक काय हो?"

"विहीर खणतात, शिलालेख खोदतात आणि जुनी भांडणं उकरून काढतात. तू काय केलंस?"

"खुरपलं," मी म्हटलं.

रविवारी पुण्याला परतताना साताऱ्याजवळ लिंबला वाट वाकडी केली. तिथली बारा मोटांची विहीर वीरूबाई भोसले यांनी बांधवून घेतली. शिलालेखात शके १६४१ ते १६४६, म्हणजे १७१९ ते १७२४. पाच वर्षं! काठावरून वाकून बघताना पाय जरा लटपटलेच.

रात्री लॅपटॉप उघडला आणि तीन आठवड्यांचे लॉग्ज काढले. पहाटे दोनला सापडलं. आठवड्यातून एकदा चालणारा एक जॉब डेटाबेसचं कनेक्शन बंदच करत नव्हता. रिपोर्ट नव्याने लिहिला. अडीच ओळींचा झाला.