नाव आणि नातं

आमच्या घरात चार माणसं आणि दोन आडनावं आहेत. दुसरं आडनाव एकट्या धाकट्याचं. तो नऊ वर्षांचा आहे. त्याचे वडील तीन वर्षांपूर्वी गेले, माझी आई त्याआधी. गेल्या वर्षी माझ्या बाबांचं आणि त्याच्या आईचं लग्न झालं. मी तिला मावशी म्हणतो, तो बाबांना काका. मला तो काहीच म्हणत नसे; हाक न मारताच बोलायला लागायचा. मी हॉस्टेलवर असल्यामुळे माझी खाट आणि कपाट त्याला मिळालं. कपाटाचा खालचा कप्पा मात्र त्याने माझ्यासाठी रिकामा ठेवला होता.

दिवाळीच्या सुट्टीत घरात विषय निघाला : शाळेत त्याचं आडनाव बदलून घ्यायचं का? वर्गात कुणी नको ते विचारू नये, एवढाच मोठ्यांचा हेतू. धाकटा गप्प बसला.

आम्ही झाशीत ओरछा गेटजवळ राहतो. संध्याकाळी दूध आणायला जाताना मी त्याला गोष्ट सांगितली. गंगाधरराव आणि राणी लक्ष्मीबाईंचं बाळ चार महिन्यांचं होऊन गेलं. मग २० नोव्हेंबर १८५३ रोजी त्यांनी नात्यातल्या आनंदराव या मुलाला दत्तक घेतलं आणि गेलेल्या बाळाचं दामोदर हे नाव त्याला दिलं. दुसऱ्याच दिवशी गंगाधरराव वारले. इंग्रजांनी दत्तक नामंजूर करून १८५४ मध्ये झाशी खालसा केली. राणीने मुलाचा हक्क सोडला नाही. १८५८ मध्ये झाशीतून निसटतानाही मुलगा तिच्याबरोबर होता.

धाकट्याने एवढंच विचारलं, "मग त्याला आनंद म्हणून कोण हाक मारत असेल?"

रात्री मी बाबांना म्हणालो, "आमच्या स्क्वॉडमध्ये प्रत्येकाच्या छातीवर आपापली नेमप्लेट असते. तरी पावलं एकत्र पडतात. त्याच्या वडिलांची तेवढीच खूण त्याच्याकडे आहे. ती राहू द्या. मोठा झाला की त्याचं तो ठरवेल."

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मावशीने डोळे पुसले आणि शाळेचा अर्ज घडी करून फडताळात ठेवला.

नवा कॅडेट आला की आपण आधी त्याला बेड दाखवतो, बूट पॉलिश करायला शिकवतो. मैत्री मागाहून होते. घरातही तसंच असावं.

गेल्या आठवड्यात धाकट्याचं पत्र आलं. वर 'प्रिय दादा' आणि खाली त्याचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.