साडेचार कट्ट्यांची गाडी

मोटारसायकलचा आकार सीसीत सांगतात, ताकद अश्वशक्तीत आणि वजन किलोत. दुकानात पहिल्या दोन आकड्यांची चौकशी होते. तिसरा आकडा गाडी आडवी पडल्यावर आठवतो.

भारतात २५० ते ५०० सीसीच्या गाडीला ढोबळमानाने मध्यम म्हणतात. युरोपात आठशे सीसीची गाडीही मध्यमच ठरते. सरकारी कागदावर मध्यम असा वर्ग नाही, ३५० सीसीची एक रेघ आहे. २२ सप्टेंबर २०२५पासून रेघेच्या आतल्या दुचाकीवर १८ टक्के जीएसटी लागतो आणि बाहेरच्या दुचाकीवर ४० टक्के. तृतीय पक्ष विम्याच्या हप्त्याची शेवटची पायरीही तिथूनच सुरू होते. त्यामुळे चाकणच्या कारखान्यात तयार झालेली ३७३ सीसीची केटीएम ३९० ॲडव्हेंचर रस्त्यावर मध्यम असली तरी कराच्या पंगतीत मोठ्या गाड्यांशेजारी बसते.

प्रस्तुत लेखकाने नऊशे सीसीच्या घरातली आपली गाडी विकून २०२३च्या पावसाळ्यात ही घेतली. जुनी नव्वद अश्वशक्तीची होती आणि पेट्रोल भरल्यावर २२० किलो भरे. नवी ४३ अश्वशक्तीची, १७७ किलोची. ताकद निम्म्याहून कमी झाली, वजन पाचव्या हिश्श्याने उतरले. मित्रमंडळींनी ही अदलाबदल वयाच्या खात्यावर टाकली. खरे कारण वैनगंगेच्या एका घाटावर घडले होते.

सपाट रस्त्यावर ताशी ६० किलोमीटरचा वेग राखायला मोटारसायकलला चार-पाच अश्वशक्ती पुरते. १२० राखायला वीसच्या आसपास लागते. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो आणि तो कापायला लागणारी शक्ती आठपट. नव्वद अश्वशक्तीचा उपयोग ओव्हरटेकच्या चार-पाच सेकंदांपुरता असतो. नागपूरहून बुटीबोरी, जाम, वरोरा करत चंद्रपूरला येणाऱ्या रुंद रस्त्यावर असे सेकंद पुष्कळ मिळतात, आणि ते सुखाचे असतात हे नाकारण्यात अर्थ नाही. चंद्रपूर मागे टाकून मूलच्या रस्त्याला लागले की ते संपतात. लोहारा, घंटाचौकी, केसलाघाट असे करत जंगल दोन्ही बाजूंनी डांबराला भिडते. चितळ, रानडुक्कर, कधी वाघही रस्ता ओलांडतो. तिथे पन्नासच्या वर जाणे हा शुद्ध मूर्खपणा आहे. जिप्सीत बसून वाघासाठी रांग लावण्याची लेखकाला हौस नाही. पण मोटारसायकलवरून वाघ दिसावा, अशीही इच्छा नाही.

मे २०२२च्या फेरीत मोठ्या गाडीने आपली सगळी मापे दाखवली. चंद्रपुरात मे महिन्यात पारा सहज ४५ अंशांवर जातो. गोंड राजांच्या परकोटाच्या जटपुरा दरवाजापाशी गर्दीत अडकले की इंजिनाचा पंखा सुरू होतो आणि त्याची हवा थेट मांड्यांवर येते. पेट्रोलपंपावर हमखास विचारला जाणारा प्रश्न एकच होता, ‘‘किती देते जी?’’ वीस हे उत्तर ऐकून पोराचा चेहरा असा पडे की पाच रुपये जास्त द्यावेसे वाटत. मूलच्या पुढे एका कच्च्या वळणावर, ताशी जेमतेम दहाच्या वेगात, पुढचे चाक मुरमात सरकले. गाडी बाजूला झोपली. ती एकट्याने उभी होईना. तेंदूपत्ता तोडून परतणारे तिघे आले, चौघांनी मिळून ती उभी केली. त्यांतल्या म्हाताऱ्याने ‘‘बैल बसला म्हणजे असाच बसते’’ एवढेच म्हटले. त्याच दिवशी दुपारी नदी लागली.

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांच्या मधून वैनगंगा वाहते. २६ ऑगस्ट १९८२पर्यंत दोन्ही काठ एकाच जिल्ह्यात होते. त्या दिवशी गडचिरोली वेगळा झाला आणि बऱ्याच लांबीवर नदीच सीमा ठरली. तेव्हापासून इथला डोंगेवाला दर खेपेला जिल्हा बदलतो. दक्षिणेची वाट धरलेली ही नदी चामोर्शीजवळ मार्कंडादेवापाशी वळण घेऊन उत्तरेकडे वाहते. उत्तरवाहिनी म्हणून तिथे तीर्थ, महाशिवरात्रीची मोठी जत्रा आणि काठावर कोरीव दगडी मंदिरांचा समूह. मूलहून चामोर्शीला जायला हरणघाटचा पूल आहे. डोंग्यातून जाण्याची गरज लेखकाला नव्हती, फक्त हट्ट होता. नदीकाठची देवळे पाण्यातूनच आधी पाहावीत, मागच्या वाहनतळावरून नव्हे, असे त्याचे जुने मत आहे.

या भागातला डोंगा लांबट, अरुंद आणि बिनशिडाचा असतो. दुचाकी न्यायची असेल तर दोन डोंगे शेजारी लावून आडव्या बांबूंनी जखडतात. माणसे, सायकली, धानाचे कट्टे, शेळ्या, स्प्लेंडर असा सगळा संसार त्यावरून पार होतो. घाटावरचा डोंगेवाला ढीवर समाजातला, साठीच्या आसपासचा, विडी कानावर ठेवणारा. मे २०२२मध्ये त्याने मोठ्या गाडीभोवती एक फेरी मारली, मागचा दांडा धरून गाडी दोनदा हलवली आणि विचारले,

‘‘किती कट्ट्याची हाये?’’

इथे धानाचा कट्टा ४० किलोचा. हिशेब सोपा होता: साडेपाच.

‘‘नायी जमत जी.’’

पैसे वाढवून पाहिले. तो रागावला नाही, पण समजावण्याच्या सुरात म्हणाला, ‘‘साडेपाच कट्टे मी रोज नेतो. पर कट्टे खाली झोपते. हे उभी राहते. अन् कट्टा पान्यात गेला त मी सोडून देतो, तुम्ही हे गाडी सोडान का?’’

लेखकाने सोडीन म्हटले. डोंगेवाल्याला ते पटले नाही, आणि खरे तर लेखकालाही पटले नव्हते. गाडी वळवून हरणघाटच्या पुलावरून चामोर्शी गाठली. मार्कंडा त्या खेपेला वाहनतळावरूनच पाहिले.

डिसेंबर २०२३मध्ये नवी गाडी त्याच घाटावर उभी राहिली. काठच्या शेतांत धान चुरणे चालू होते, हवेत कोंडा होता. गावागावांच्या फाट्यांवर झाडीपट्टीच्या नाटकांचे फलक लागले होते. डोंगेवाला तोच होता. माणूस त्याला आठवला नाही, गाडी मात्र आठवली: ‘‘थे मोठी कोठं गेली?’’ विकली म्हटल्यावर त्याने मान हलवली, जणू ते ठरलेलेच होते. पुन्हा फेरी, पुन्हा मागचा दांडा. या वेळी त्याने मागचे चाक वाळूतून बोटभर उचलले.

‘‘साडेचारच्या आत हाये,’’ तो म्हणाला. १७७ भागिले ४० म्हणजे ४.४. कारखान्याच्या पत्रकाशी त्याचा काटा जुळला.

मग परीक्षा सुरू झाली. पहिला प्रश्न पेट्रोलचा. टाकी साडेचौदा लिटरची आणि मूलला गच्च भरलेली. साडेचौदा लिटर पेट्रोल म्हणजे जवळपास ११ किलो, तेही गाडीच्या सगळ्यांत उंच भागात आणि डचमळणारे. त्याला ते आवडले नाही, पण चालवून घेतले. दोन्ही बॅगा सोडायला लावल्या आणि दुसऱ्या डोंग्यात, बुडाशी, आडव्या ठेवल्या. उंच सीटकडे पाहून तो म्हणाला, ‘‘हे बकरीवानी पायावर उभी हाये.’’ जंगलातल्या दगडांसाठी गाडी उंच करतात आणि त्याच उंचीमुळे ती पाण्यावर अवघड होते, हा मुद्दा कोणत्याही माहितीपत्रकात नसतो.

गाडी चढवायला तिघे लागले. फळीवरून पुढचे चाक आधी, इंजिन बंद, गिअर न्यूट्रलमध्ये. चाके बांबूंवर टेकल्यावर पहिला गिअर टाकला. डोंगेवाल्याने कमरेची सायकलच्या ट्यूबची पट्टी काढली, पुढचा ब्रेक मुठीशी दाबून तीन वेढे दिले आणि टोक आत खोचले. आता पुढचे चाक फिरणे शक्य नव्हते. बाजूचा स्टँड लावू दिला नाही: गाडी एका अंगाला कलली की डोंगाही कलतो. ती सरळ उभी ठेवायला दोन्ही बाजूंनी एकेक माणूस. लेखकाला डाव्या बाजूला उकिडवे बसवले, एक हात सीटवर, एक हात बांबूवर.

‘‘गाडी गेली त हात सोडाचा,’’ ही शेवटची सूचना. ‘‘धरून नायी ठेवाचा.’’

पार व्हायला वीस मिनिटे लागली असतील. डोंगेवाला लांब बांबूने तळ रेटत होता. मधोमध बांबूला तळ लागेना तेव्हा त्याने वल्हे घेतले. तिथे कोणी बोलले नाही. पाणी डोंग्याच्या काठाखाली वीतभर. इंजिन अजून गरम होते आणि थंडीत त्याची ऊब गुडघ्याला बरी वाटत होती. मे महिन्यात शिव्या खाल्लेली तीच गोष्ट. गाडीचे वजन पहिल्यांदा हाताला कळले, कारण ती प्रत्येक वल्ह्यासरशी किंचित झुके आणि तो झोक तळहातावर येई. रस्त्यावर असताना हे वजन वेगात विरघळते. चाके फिरती असली की गाडी आपली आपण तोल धरते. डोंग्यात ती नुसती वस्तू असते.

मंदिरे दिसायला हवी होती, आणि दिसलीही: धुक्यातून आधी तट, मग शिखरे. पण ज्या दृश्यासाठी दीड वर्ष हट्ट धरला, त्याकडे लेखकाने जेमतेम दोनदा मान वळवली. बाकी वेळ लक्ष सीटवरच्या हाताकडे होते.

पलीकडे वाळूत उतरवताना मागचे चाक पाण्यात गेले, तिघांनी ढकलून काढले. दोनशे रुपये ठरले होते. ट्यूबची पट्टी सोडून परत द्यायला गेल्यावर त्याने हाताने वारले: ‘‘राहू द्या. पुढं नदी लागन.’’ मोठ्या गाडीबद्दल त्याने त्या वेळी काय ठरवले होते, असे विचारल्यावर म्हणाला, ‘‘थे गेली असती पार. पर मले वापस घरी जाचं होतं.’’

२३ जानेवारी २०२४ रोजी, म्हणजे या खेपेनंतर महिनाभरातच, चामोर्शी तालुक्यात मिरची तोडायला पलीकडच्या काठाला निघालेल्या बायांचा डोंगा वैनगंगेत उलटला आणि सहा जणी गेल्या. त्यांच्याकडे गाडी नव्हती, हट्टही नव्हता. मजुरी पलीकडे होती. ती बातमी वाचल्यावर लेखकाने डोंग्यातला आपला एकुलता एक फोटो कोणाला दाखवला नाही.

मार्कंड्याला अलेक्झांडर कनिंगहॅम १८७३-७४च्या दौऱ्यात आला होता. या मंदिरांचे सविस्तर वर्णन त्याने पुरातत्त्व खात्याच्या अहवालात केले. तोही नदीच्या बाजूने आला का, हे पाहायला लेखकाने तो अहवाल नंतर मिळवला. त्यात शिल्पांची मोजमापे आहेत, घाटाची नाहीत.

चामोर्शीत आलूभोंडा आणि रस्सा खाऊन पुढचा प्रवास झाला: आष्टी, आलापल्ली, भामरागड, चार दिवस. खनिजाच्या ट्रकांनी तांबूस झालेला रस्ता, आलापल्लीतले सहा हेक्टरांचे जैवविविधता वारसा क्षेत्र, हेमलकशाची एक संध्याकाळ आणि भामरागडला इंद्रावती, पामुलगौतमी व पर्लकोटा यांचा संगम. या साऱ्या वाटेवर ४३पैकी दहा अश्वशक्तीही क्वचितच लागल्या. गाडी एकदा पडली, ओल्या पालापाचोळ्यावर, आणि एकट्याने उचलता आली. पाठ दोन दिवस दुखली. ‘‘किती देते?’’ या प्रश्नाला तीस हे उत्तर सर्वत्र समाधानाने ऐकले गेले. भामरागडला पूल असल्याने ट्यूबच्या पट्टीचे काम पडले नाही.

परतताना हरणघाटचा पूल. वरोऱ्यापुढच्या रुंद रस्त्यावर मोठ्या गाडीची आठवण झाली: शंभरच्या पुढे एकच सिलिंडर पायाशी थरथरू लागतो, आणि लांब ट्रेलर ओलांडायला दोन गिअर उतरवून वाट पाहावी लागते. नागपूर वीस मिनिटे उशिरा आले. गाडी धुताना हँडलवर ट्यूबची पट्टी दिसली, तीन वेढ्यांची, टोक आत खोचलेली. ती तिथेच आहे.