न जेवणारं पोर

माझ्या लॅपटॉपवर एक एक्सेल शीट आहे. तारीख, खोलीचं तापमान, काय दिलं, खाल्लं की नाही. त्यात 'तीळ' नावाच्या रकान्यात सलग अकरा आठवडे एकच शब्द आहे : नाही.

तीळ हे टॅरँट्युला कोळ्याचं पिल्लू आहे. आणलं तेव्हा पाय पसरून जेमतेम एक सेंटिमीटर भरायचं. सोबत त्याची दोन भावंडं होती, मोहरी आणि खसखस. नावं आकारावरून ठेवली.

मी डॉर्टमुंडला राहतो, सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. इथून जवळच हाम नावाचं गाव आहे. तिथे वर्षातून काही वेळा सरपटणाऱ्या प्राण्यांचा आणि कोळ्यांचा प्रचंड मोठा बाजार भरतो. सप्टेंबरमध्ये एका जर्मन सहकाऱ्याबरोबर गंमत म्हणून गेलो. एका टेबलावर चक्क आपल्या सह्याद्रीत सापडणाऱ्या जातीचे कोळी होते, इथेच कैदेत जन्मलेले. या पीसिलोथेरिया वंशाच्या व्यापारावर २०१९पासून आंतरराष्ट्रीय नियंत्रण आहे. गाववाला भेटल्यासारखं वाटलं खरं, पण ते चपळ आणि त्यांचं विष जरा जास्तच त्रासदायक. म्हणून शेजारच्या टेबलावरून 'कर्ली हेअर' जातीची तीन पिल्लं घेतली. मूळची मध्य अमेरिकेतली, स्वभावानं शांत, नवशिक्यांसाठी उत्तम, असं विकणाऱ्या आजोबांनी सांगितलं. प्रत्येक पिल्लू कॅमेऱ्याच्या रोलच्या जुन्या डबीत होतं. मादी निघाली तर वीस वर्षंही जगेल, असंही म्हणाले. वीस वर्षं! माझा व्हिसासुद्धा एवढा नाही.

जर्मनमध्ये टॅरँट्युलाला 'फोगलश्पिने' म्हणतात, म्हणजे पक्षी-कोळी. मारिया सिबिला मेरियन या चित्रकर्तीनं १७०५ साली सुरिनामच्या कीटकांवरचं पुस्तक काढलं. त्यात पेरूच्या झाडावर पक्षी खाणारा कोळी आहे. माझी पिल्लं मात्र पक्षी सोडा, रातकिड्याची तंगडी बघूनही पळायची.

हो, तंगडीच. एवढ्या लहान पिल्लाला जिवंत किडा नेहमी झेपतोच असं नाही. दुकानात प्लॅस्टिकच्या डब्यात जिवंत रातकिडे मिळतात. एक मारायचा, चिमट्यानं मागची जाड तंगडी तोडायची आणि बिळाच्या तोंडाशी ठेवायची. पिल्लू रात्री येतं, तंगडीवर पाचकरस सोडतं आणि आत जे विरघळेल ते शोषून घेतं. चावून गिळणं हा प्रकारच नाही. उरलेला चोथा गोळी करून टाकून देतं.

मोहरी पहिल्याच रात्री जेवली. खसखस दोन आठवडे जेवली आणि थांबली. तीळ कधी जेवायची, कधी नाही.

पिल्लू न खाण्याची कारणं मी पाठ केली आहेत. नवीन जागेत रुळलेलं नसतं. खोली गार असते, त्यामुळे शरीराचा सगळा कारभारच मंदावतो. (बिल वाचवायला मी हीटर सतरावर ठेवायचो.) भक्ष्य मोठं असतं. आपण सारखी डबी उघडून बघत असतो. आणि सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे ते कात टाकणार असतं. तेव्हा पोट फुगून तुकतुकीत काळपट दिसतं आणि पिल्लू बिळाचं तोंड मातीनं बंद करून घेतं. त्याला भूकच नसते. त्याला फक्त एकटं सोडायचं असतं आणि माती एका बाजूला ओलसर ठेवायची असते. पाणी मात्र हवंच, कारण कोळी पाय लांब करतो तो शरीरातल्या द्रवाच्या दाबावर. पाणी कमी पडलं की पाय आत मुडपतात.

हे सगळं मला आज माहीत आहे. नोव्हेंबरमध्ये निम्मं माहीत होतं आणि उरलेल्या निम्म्याच्या जागी काळजी होती.

खसखसनं बीळ बंद केलं. सहा दिवस झाले, आठ झाले. मला वाटलं, आत उपाशी मरेल. एका रात्री टूथपिकनं माती उकरली, बारीकसा जिवंत रातकिडा आत सोडला आणि झोपलो. सकाळी घाईत न बघताच ऑफिसला गेलो. संध्याकाळी डबी उघडली तर खसखस उताणी पडलेली. कात टाकताना टॅरँट्युला उताणाच होतो, हे मला ठाऊक होतं. पण कात अर्धीच निघाली होती आणि पोटाला भोक पडलं होतं. त्या वेळी कोळ्याचं अंग मऊ असतं, सुळेसुद्धा मऊ असतात. रातकिडा जिवंत होता. जेवला होता.

जेवण मीच सोडलं होतं. फक्त जेवणारा वेगळा निघाला.

शीटमध्ये 'मृत' एवढंच लिहिलं आणि हीटर बाविसावर केला.

त्यानंतर तीळनं खाणं पूर्ण बंद केलं. डिसेंबर गेला, जानेवारी गेला. बीळ बंद नव्हतं, पोट जरासं फुगलेलं, पण तंगडी तशीच पडून राहायची आणि बुरशी धरायच्या आत मी ती उचलायचो. ऑफिसात मी जो कोड लिहितो त्यात सर्व्हरनं उत्तर दिलं नाही तर पुन्हा विचारायचं असतं, पण दर वेळी आधीपेक्षा जास्त थांबून. सारखं विचारत राहिलं तर आधीच दमलेला सर्व्हर आणखी झोपतो. कामावर हे मी नव्या मुलांना शिकवतो. घरी आल्यावर रात्री तीन वेळा टॉर्च मारून डबी बघायचो.

आई रोज फोन करते. पहिला प्रश्न, "जेवलास का?" मी रोज हो म्हणतो. त्यातले निम्मे 'हो' खोटे असतात. एका रविवारी तिनं विचारलं, "चेहरा का उतरलाय?" मी सांगून टाकलं.

"कोळी जेवत नाही म्हणून तू जेवत नाहीस?" आई म्हणाली.

"अगं, मी एकाला भरवायला गेलो आणि मारलं."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग ती म्हणाली, "मी तुला मारलंच होतं जवळजवळ."

हे मला कधीच कुणी सांगितलं नव्हतं. मी दीड वर्षाचा असताना काही खायचो नाही. सांगलीच्या डॉक्टरांकडे दर महिन्याला वजन व्हायचं. "काटा तुझं वजन सांगायचा," आई म्हणाली, "पण बघायचे सगळे माझ्याकडे." शेजारच्या काकू, माझ्या आत्या, सगळ्यांकडे उपाय होते. एक दिवस तिनं मला मांडीत आडवं धरलं, नाक दाबलं आणि पेज घशात ओतली. मला ठसका लागला, श्वास अडकला, तोंड निळं पडलं. आजीनं पालथं करून पाठीत धपाटे घातले तेव्हा रडलो.

"मग?"

"मग मी भरवणंच सोडलं. मऊ भाताची चार शितं ताटलीत ठेवायची, ताटली जमिनीवर आणि मी बाजूला मेथी निवडत बसायची. तुझ्याकडे बघायचंच नाही. ते फार अवघड होतं रे. बघायचं नाही, हे."

"खाल्लं मी?"

"चौथ्या दिवशी. आधी मेथीची काडी खाल्लीस."

त्या रात्री मी डबीवर रुमाल टाकला. आठवड्यातून दोनदाच, पाण्याचे थेंब सोडायला उघडायची, असं ठरवलं. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात उघडली तेव्हा कोपऱ्यात चुरगळलेल्या चहाच्या पत्तीसारखं काहीतरी होतं. कात. तीळ शेजारी होती, फिकट आणि बरीच मोठी. सुळे कडक व्हायला वेळ द्यायचा म्हणून आठवडाभर काहीच दिलं नाही. मग एक तंगडी ठेवली, रुमाल टाकला, दिवा घालवला. दोनदा उठलो. बघितलं नाही.

सकाळी तंगडी नव्हती. बिळाबाहेर चोथ्याची बारीक गोळी पडली होती. तिचा फोटो आईला पाठवला.

तिचा मेसेज आला, "शहाणं पोर. आता तू पोहे तरी कर."