उलट्या झाडांचा मुलूख

दक्षिण आफ्रिकेच्या अगदी उत्तरेला साउटपान्सबर्ग नावाची डोंगररांग आहे. पोलोक्वाने शहराकडून येणारा हमरस्ता या डोंगरात शिरतो, बोगद्यांतून पलीकडे निघतो आणि उतरतो तो एका निराळ्याच मुलखात. अलीकडे झाडी, ढग आणि गारवा; पलीकडे तांबडी माती, काटेरी झुडपे आणि ऊन. त्या उन्हात दूरदूर अंतरावर उभी असलेली ती झाडे! कुणा राक्षसाने रागाच्या भरात उपटून, शेंडा मातीत खुपसून मुळे आभाळाकडे करून ठेवावीत, तशी. हाच बाओबाब. आपण याला गोरखचिंच म्हणतो. राणीच्या बागेत किंवा वसईच्या किल्ल्यात ती पुष्कळांनी पाहिली असेल. पण तिथे ती पाहुणी. तिचे माहेर आफ्रिकेत.

मी गेलो तो ऑक्टोबर अखेरीस. काही झाडे अजून उघडीवाघडी होती, काहींना कोवळी पालवी फुटली होती. व्हेंडा लोकांच्या मुलखात सागोले गावाजवळ जी गोरखचिंच आहे, ती या देशातली सर्वांत मोठी समजतात. बुंध्याचा घेर ३३ मीटरांच्या आसपास. वीस माणसांनी हातात हात धरून फेर धरला तरच तो पुरा व्हायचा. व्हेंडा भाषेत तिला ‘मुरी कुंगुलुवा’, म्हणजे ‘गर्जणारे झाड’ म्हणतात. दिवस मावळला तशा शेकडो पाकोळ्या घिरट्या घालीत ढोलीत शिरू लागल्या. त्याच सुमाराला फांदीला उलटी लोंबणारी एक भलीमोठी पांढरी कळी उमलली. वास मात्र नाकाला रुमाल लावावा असा! तो माणसांसाठी नाहीच मुळी. तो आहे रात्री येणाऱ्या पतंगांसाठी. पश्चिम आफ्रिकेत हेच काम वटवाघळे करतात.

एवढे मोठे झाड, पण त्याचे वय सांगणे महाकठीण. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ मिशेल आदान्सों १७४९ साली सेनेगलला पोचला. तिथल्या एका झाडाचे वय त्याने पुढे हिशेबाने पाच हजार वर्षांच्याही वर नेले. लाकडातली वलये या झाडाच्या बाबतीत भरवशाची नाहीत, आणि जुन्या झाडांच्या पोटात तर बहुधा पोकळीच असते. रुमानियातले आद्रियान पात्रूत आणि त्यांचे सहकारी यांनी ढोलीच्या आतूनबाहेरून लाकडाचे बारीक तुकडे घेतले आणि त्यांतल्या किरणोत्सर्गी कार्बनवरून वये काढली. सर्वांत जुने झाड झिंबाब्वेतले निघाले, सुमारे २,४५० वर्षांचे. पण वय कळले तेव्हा ते झाड उरले नव्हते. २०११ पर्यंत ते मेले होते.

पुढची हकीकत अधिक चटका लावणारी आहे. पात्रूत यांनी २०१८ साली प्रसिद्ध केले की, सर्वांत जुन्या तेरा गोरखचिंचांपैकी नऊ झाडे अवघ्या बारा वर्षांत मेली तरी, किंवा त्यांचा सर्वांत जुना भाग कोसळला. बोट्स्वानातले चॅपमनचे झाड, ज्याच्या ढोलीत एके काळी प्रवासी एकमेकांसाठी पत्रे ठेवून जात, ते २०१६ च्या जानेवारीत पडले. लिंपोपो प्रांतातल्या एका झाडाच्या पोटात चक्क मद्यालय थाटले होते. तेही २०१६ आणि २०१७ साली फाटून कोसळले. रोगाची साथ आढळली नाही. वाढती उष्णता आणि अवर्षण यांच्यावर शास्त्रज्ञांचा संशय आहे. पुरावा पुरा झालेला नाही. साऱ्याच गोरखचिंचा मरू लागल्या आहेत, असाही याचा अर्थ नव्हे.

पश्चिमेला, लिंपोपो नदीकाठी मापुंगुब्वेचे राष्ट्रीय उद्यान आहे. सातआठशे वर्षांपूर्वी तिथे एक राज्य होते. त्याच्या अवशेषांत हिंदुस्थानातून गेलेले काचेचे मणीही सापडले आहेत. तिथे बुंध्यांना तारेची जाळी गुंडाळलेली पाहिली आणि प्रथम हसूच आले. एवढ्या धिप्पाड झाडाला चिलखत! पण दुष्काळात हत्ती ओलाव्यासाठी साल सोलतात आणि सुळ्यांनी आतला गाभा उपसतात. साल गेली तर गोरखचिंच ती पुन्हा धरते. गाभाच गेला तर मात्र सारे झाड भिजक्या काथ्याच्या ढिगासारखे खाली बसते.

म्हातारी झाडे पडायचीच. तरणी कुठे आहेत? बाओबाबला मूल होत नाही, तो वाढलेलाच आकाशातून पडतो, अशी एक जुनी समजूत आहे. खरी गोष्ट अशी की, रोप आईबापांसारखे दिसतच नाही. काटकुळे खोड, आणि मोठ्या झाडाची पाने हाताच्या पंजासारखी, तर याचे पान साधे, एकेरी. ओळखले जाण्याआधीच शेळ्या ते फस्त करतात. म्हणून डॉ. सारा व्हेंटर या संशोधिकेच्या संस्थेने व्हेंडा गावांतल्या बायकांनाच राखणदार केले आहे. याच बायका फळे गोळा करून विकतात. आतल्या आंबट भुकटीला युरोपने २००८ साली बाजार खुला केल्यापासून गिऱ्हाईक आहे. रोप लावायचे, कुंपण घालायचे, पाणी घालायचे. ते वाढेल तसे पैसे मिळतात.

अशाच एका अंगणात मी ‘न्दाऽ’ म्हणून नमस्कार केला. तिथे पुरुष तसे म्हणतात, बायका ‘आऽ’. घरच्या आजीबाईंना सारे ‘माखुलु’ म्हणत होते. काट्याच्या कुंपणात कमरेएवढे रोप होते. “माखुलु, याला फळ कधी धरेल?” मी दुभाष्यातर्फे विचारले.

“ते मला काय विचारतोस?” त्या म्हणाल्या. “मी शेळ्यांचं बघते.” आणि कुंपणात एक फट दिसली, ती बुजवायला काटे आणण्यासाठी त्या परसात निघून गेल्या.